रोमचें गाणें आणि गोमंतकाचे गळे

अंबरनाथचें शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठीं उभें आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० सालचा, शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळचा लेख तेथें आहे. म्हणजे साडेनऊशें वर्षांहून अधिक काळ त्या काळ्या दगडांनीं ऊन-पाऊस सोसला. बाहेरील भिंतींवरचें कोरीव काम पाहण्यास लोक दूरदूरून येतात. पण मला त्या देवळाचा सभामंडप अधिक प्रिय आहे. गाभारा देवाचा असतो, सभामंडप माणसांचा. देवापुढें चार माणसांनीं जमावें, एकानें कथा सांगावी, इतरांनीं ती ऐकावी आणि मधूनमधून आपलाहि सूर तींत मिळवावा, अशी ही जागा.

एके दिवशीं दुपारीं मी त्या मंडपांत बसलों असतां माझ्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. तो बदलापुरास राहतो, जन्मानें ख्रिस्ती आहे, आणि मुंबईच्या एका गायकवृंदांत गातो. नाताळासाठीं त्याच्या वृंदानें हॅन्डेलच्या ‘मसाया’ या ऑरेटोरियोंतील कांहीं भाग बसविले होते. त्याविषयीं तो मोठ्या उमेदीनें बोलत होता, पण बोलतां बोलतां थांबला आणि म्हणाला, “सर, माझी आजी मराठींत ओंव्या म्हणत असे. मी हें इंग्रजी गातों. लोक विचारतात, हें गाणें तुमचें कीं साहेबाचें? मला उत्तर देतां येत नाहीं.” त्या वेळीं मलाहि तें धड देतां आलें नाहीं. पुढें जें वाचलें आणि जुळवून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम ऑरेटोरियो म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. ऑपेरा हा शब्द आपल्याकडे थोडाफार परिचित आहे. हा दुसरा तितका नाहीं. लॅटिन भाषेंत ‘ओरारे’ म्हणजे प्रार्थना करणें, आणि त्यावरून ‘ओरातोरियो’ म्हणजे प्रार्थनेचा मंडप. सोळाव्या शतकांत रोममध्यें फिलिप नेरी (१५१५–१५९५) नांवाचा एक साधुपुरुष होऊन गेला. त्यानें अशाच एका मंडपांत लोकांना जमवून साधें प्रवचन आणि लोकभाषेंतील भजनें यांचा परिपाठ सुरू केला. भजनांतून पुढें संवाद निघाले, संवादांतून कथा निघाली, आणि सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्या जागेचेंच नांव या गीतप्रकारास पडलें.

ऑपेरा आणि ऑरेटोरियो यांतील भेद मराठी माणसाला समजावून देणें मुळींच कठीण नाहीं. कारण तो नाटक आणि कीर्तन यांतील भेदासारखाच आहे. ऑपेऱ्यांत नट सोंग घेतात, पडदे उठतात आणि पडतात. ऑरेटोरियोंत यांपैकीं कांहीं नाहीं. गाणारे आपल्या नेहमीच्या वेषांत उभे राहतात. एकजण कथा सांगतो, दुसरे राजाचे, कन्येचे, देवदूताचे बोल गातात, आणि वृंद कधीं सैन्य होतो, कधीं नगरजन, तर कधीं नुसता कथा ऐकून हळहळणारा श्रोता. आमचा हरिदास एकटाच उत्तररंगांत दशरथ होतो, कैकेयी होतो आणि अयोध्येची प्रजाहि होतो. तिकडे तीं कामें अनेकांत वांटलीं जातात, एवढाच काय तो फरक. कथा पुराणांतली, रंगभूमि श्रोत्याच्या मनांत, आणि शेवटीं सर्वांचा एक घोष, हें दोहोंकडे सारखेंच आहे.

या प्रकाराला ज्यानें पहिलें प्रौढ रूप दिलें, तो जाकोमो कारिस्सिमी (१६०५–१६७४). रोममध्यें जेसुइट पंथाचें जर्मन विद्यार्थ्यांसाठीं चालविलेलें एक विद्यालय होतें. तेथील संगीताचा कारभार कारिस्सिमीनें सुमारें पंचेचाळीस वर्षें, मरेपर्यंत, सांभाळला. त्याची ‘जेफ्ते’ ही रचना १६५० पूर्वीची आहे. कथा बायबलच्या जुन्या करारांतील. सेनापति जेफ्ते युद्धाला निघतांना नवस बोलतो कीं, जय मिळाला तर घरीं परततांच दारांतून जें प्रथम सामोरें येईल, तें देवाला बळी देईन. जय मिळतो, आणि दारांतून त्याची एकुलती एक मुलगी डफ वाजवीत, नाचत बाहेर येते. चिलया बाळाचें आख्यान ऐकून ज्यांचे डोळे पाणावले आहेत, त्यांना पुढचें सांगावयास नको. मुलगी दोन महिने डोंगरांत जाऊन आपल्या न जगलेल्या आयुष्याबद्दल शोक करते. कारिस्सिमी त्या ठिकाणीं दोन आवाज वेगळे ठेवतो. मुलीच्या ओळीचे शेवटचे शब्द ते डोंगरांतून उमटलेल्या प्रतिध्वनीसारखे परत म्हणतात. मग सहा आवाजांचा वृंद रडूं लागतो, आणि कथा तेथेंच संपते.

आतां रोमहून गोव्याकडे वळूं. इ. स. १६६३ हें वर्ष मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचें आहे. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें शिवाजी महाराजांनीं पुण्यांत लाल महालावर छापा घालून शाइस्ताखानाचीं बोटें तोडलीं. त्याच वर्षीं जानेवारींत डच लोकांनीं पोर्तुगीजांपासून कोचीन घेतलें, आणि तेथून निघालेला जुझेप्पे दि सांता मारिया नांवाचा इटालियन कार्मेली धर्मगुरु गोव्यास आला. जुलैअखेर संत इग्नातियसच्या सणाला जेसुइटांनीं त्याला आपल्या बॉम जेजूच्या देवळांत बोलाविलें. तेथें त्यानें सात वृंदांनीं मिळून केलेलें गायन आणि त्याबरोबरचें वाद्यसंगीत ऐकलें. तो लिहितो कीं आपण रोममध्येंच आहों असें वाटलें. आणि तसें बोलून दाखवितां त्याला उत्तर मिळालें कीं यांत चूक कांहीं नाहीं, कारण ही रचना रोमच्या कारिस्सिमीचीच आहे. त्याला सर्वांत आश्चर्य वाटलें तें गाणाऱ्यांचें. ते युरोपियन नव्हते; पोर्तुगीज ज्यांना ‘कानारी’ म्हणत ते, म्हणजे गोव्याच्या मातींतले लोक होते, आणि तें अवघड संगीत ते सहज गात होते.

या साक्षीचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. त्या दिवशीं गायिलें गेलें तें ऑरेटोरियो नव्हे, सणाच्या उपासनेचें संगीत होतें. पण तें ऑरेटोरियोच्या आद्य आचार्याचें होतें, आणि तो आचार्य त्या वेळीं हयात होता. पुढें अकरा वर्षें जगला. लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून गोव्यास येण्यास गलबताला सुमारें सहा महिने लागत. अशा काळांत एका जिवंत रोमन संगीतकाराची सात वृंदांची रचना साष्टी-बार्देशचे, तिसवाडीचे गळे पेलत होते. हा इंग्रजी राज्याचा प्रसाद नव्हता. मुंबई बेट इंग्रजांच्या प्रत्यक्ष ताब्यांत येण्यास त्या वेळीं अजून अवकाश होता, आणि हॅन्डेलच्या जन्माला बावीस वर्षें अवकाश होता.

हें कसें घडलें? सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यांत ख्रिस्ती मुलांना जें शिक्षण मिळे, त्यांत गायन हा मुख्य विषय होता. सेंट पॉलच्या विद्यालयांत आणि पुढें गांवोगांवच्या देवळांच्या शाळांत ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलिपि वाचावयास, व्हायोलिन धरावयास आणि अनेक आवाजांत आपला आवाज संभाळावयास शिकवीत असे. धर्मप्रसारकांचा हेतु उघड होता; गाण्यानें माणसें देवळांत येतात, हें त्यांना ठाऊक होतें. पण हेतु कांहीं असो, विद्या ती विद्या. एका खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगा कागदावरचे स्वर पाहून, पूर्वीं न ऐकलेलें गाणें गाऊं शकतो, ही गोष्ट त्या काळीं आपल्या देशांत दुसरीकडे फारशी आढळली नसती.

मात्र या विद्येची किंमतहि मोजावी लागली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा या देवता भक्तांनीं सोळाव्या शतकांत रातोरात हलवून खाडीपलीकडे नेल्या. तेथील फोंडें महाल त्या वेळीं पोर्तुगीजांच्या अंमलाबाहेर होता. एकाच गांवच्या लोकांपैकीं कांहीं देवाबरोबर पलीकडे गेले, कांहीं अलीकडे राहून ख्रिस्ती झाले. पलीकडच्या देवळांत नौबत, भजन आणि कलावंतिणींचें गाणें नांदलें; अलीकडच्या देवळांत ऑर्गन आणि अनेक सुरांचें गाणें रुजलें. मंगेशीच्या परिसरांतून पुढें दीनानाथ मंगेशकर आले, केरीहून केसरबाई आल्या. आणि अलीकडच्या गांवांतून आले ते मुंबईच्या बॅंडांतले, मूकपटांच्या थिएटरांतले आणि नंतर चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले व्हायोलिनवादक. पहिल्यांचा इतिहास आम्ही अभिमानानें लिहितों. दुसऱ्यांची आठवण ‘गोवानी वाजंत्री’ एवढ्या दोन शब्दांत उरकतों. मातीं एकच, हें मात्र विसरतों.

येथें एका ग्रंथाची आठवण केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ मध्यें गोव्यास आला आणि १६१९ मध्यें मरेपर्यंत तेथेंच राहिला. बाटलेल्या लोकांनीं त्याच्याजवळ तक्रार केली कीं आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, त्यांच्या जागीं ऐकावयास कांहीं द्या. त्यानें सुमारें अकरा हजार ओंव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत रचलें, आणि १६१६ मध्यें साष्टींतील राशोल येथें तें रोमन लिपींत छापून निघालें. १६४९ आणि १६५४ मध्यें पुन्हा छापलें गेलें. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांत आहे. रविवारीं आणि सणाच्या दिवशीं तें पुराण देवळांत लोकांसमोर म्हटलें जात असे.

आतां हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावींत. एकाच प्रांतांत, एकाच पंथाच्या देखरेखीखालीं, एकीकडे कारिस्सिमीचें अनेक सुरांचें गाणें चाललें आहे. आणि दुसरीकडे तीच धर्मकथा मराठी ओंवींत, सोंगावांचून आणि पडद्यावांचून, लोकांना गाऊन सांगितली जात आहे. एकाजवळ संगीत आहे, पण भाषा लॅटिन. दुसऱ्याजवळ भाषा आहे, कथा आहे, श्रोत्यांचे भरून आलेले डोळे आहेत. या दोहोंचा संयोग झाला असता तर मराठी ऑरेटोरियो जन्मास आलें असतें. तें केवळ स्वप्न नव्हे. दुसऱ्या एका देशांत हुबेहूब असेंच घडलें.

जॉर्ज फ्रीडरिख हॅन्डेल (१६८५–१७५९) जन्मानें जर्मन. ऑरेटोरियो रचावयास तो इटलींत शिकला. १७०८ मध्यें रोममध्येंच त्याचें ‘ला रेझुरेत्सिओने’ गायिलें गेलें. पुढें तो लंडनला स्थायिक झाला आणि पुष्कळ वर्षें इटालियन भाषेंतील ऑपेरा रचीत राहिला. तो धंदा बसत चालला तेव्हां त्यानें रोमचा हा प्रकार घेऊन त्यांत इंग्रजी शब्द घातले. १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत अवघ्या चोवीस दिवसांत त्यानें ‘मसाया’ लिहिलें. बायबलांतील वचनें चार्ल्स जेनेन्सनें निवडून दिलीं होतीं. तें प्रथम गायिलें गेलें १३ एप्रिल १७४२ रोजीं, तेंहि लंडनांत नव्हे, आयर्लंडांतील डब्लिन येथें. वृंदांतले गायक तेथील दोन मोठ्या देवळांचे स्थानिक गायक होते. गर्दी इतकी अपेक्षित होती कीं स्त्रियांनीं घेरदार सांगाडे आणि पुरुषांनीं तरवारी घालून येऊं नये, अशी विनंति करण्यांत आली; सुमारें ७०० श्रोते जमले. त्या उत्पन्नाच्या वांट्यांतून कर्जापायीं तुरुंगांत पडलेले १४२ कैदी सुटले. परक्या देशचा संगीतकार, परक्या देशचा प्रकार, पण भाषा श्रोत्यांची आणि गळे गांवचे; म्हणून तें गाणें त्या लोकांचें झालें.

हॅन्डेलचा कारिस्सिमीशीं संबंध नुसता प्रकारापुरता नाहीं. ‘जेफ्ते’च्या शेवटच्या विलापाचें संगीत त्यानें आपल्या ‘सॅमसन’मध्यें घेतलें आहे. आणि १७५१ मध्यें त्याचें शेवटचें मोठें ऑरेटोरियो ‘जेफ्था’ लिहीत असतां, देवाचे निर्णय किती अंधारे असतात या अर्थाच्या वृंदगीतापाशीं त्याचा डावा डोळा निकामी होऊं लागला; लेखणी ठेवावी लागल्याची नोंद त्यानें हस्तलिखितांतच करून ठेविली आहे. म्हणजे आज मुंबईंत जो तरुण हॅन्डेल गातो, तो ज्या परंपरेंत उभा आहे, तिच्या उगमापाशीं गोव्याचे गायक त्याच्या आधीं साडेतीनशें वर्षांपूर्वीं उभे होते.

मग गोव्यांत तो संयोग कां झाला नाहीं? याचें उत्तर संगीतांत नाहीं, राज्यकारभारांत आहे. १६८३ च्या नोव्हेंबरांत संभाजी महाराजांनीं जुवें बेट घेऊन गोव्याच्या वेशीपर्यंत धडक मारली, आणि व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याला संत झेवियरच्या शवपेटीपाशीं आपला राजदंड ठेवून धांवा करावा लागला. त्याच व्हाइसरॉयनें २७ जून १६८४ रोजीं हुकूम काढला कीं तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें आणि पाद्री व शिक्षकांनीं त्याच भाषेंत शिकवावें. पुढें १७३६ मध्यें इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यानें लग्नांतील ओंव्या आणि देशी वाद्यें यांवरहि बंदी घातली. ‘क्रिस्तपुराण’ १६५४ नंतर छापलें गेलें तें एकदम १९०७ मध्यें, आणि तेंहि गोव्यांत नव्हे, मंगळुरास. मधल्या अडीचशें वर्षांत तें हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांतून जगलें. ज्या सत्तेनें रोमचें गाणें शिकविलें, तिनेंच तें गाणें ज्या भाषेंत मूळ धरणार होतें, त्या भाषेचा गळा आवळला.

तरी लोक हुकुमापेक्षां चिवट असतात. उपवासकाळांत ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग दाखवितांना गोव्याच्या खेड्यांतून ‘मोटेत’ गायिलीं जातात. तीं गांवच्या मेस्त्रींनींच रचलेलीं असतात. शब्द बहुधा लॅटिन, पण दोन-तीन आवाज, व्हायोलिनें, क्लॅरिनेट यांचा जो मेळ जमतो, त्याची करुणा निराळीच आहे. अठराव्या शतकांत ज्योआकीं द मिरांडा या धर्मगुरूनें ख्रिस्ताच्या यातनांवर कोंकणींत एक दीर्घ गीत रचलें, तें अजूनहि गायिलें जातें. येथें कथा आहे, गाणें आहे आणि लोकांची भाषाहि आहे. थाटाचें ऑरेटोरियो नसेल. पण त्याचा जीव येथें आहे.

दुरावलेले दोन प्रवाह पुन्हा भेटले ते मुंबईंत. साष्टींतील माजोर्डे गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवीत. राग आणि अनेक सुरांचा मेळ यांची सांगड घालण्याचा त्यांना ध्यास होता. १९५८ मध्यें त्यांनीं मोठा वाद्यवृंद उभारून सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणांत आपल्या रचना सादर केल्या; त्यांत लता मंगेशकर गायिल्या. खाडीच्या पलीकडे गेलेल्या देवाचें नांव लावणारी गायिका आणि अलीकडे राहिलेल्या गांवचा वादक एका व्यासपीठावर आले, या घटनेकडे त्या दृष्टीनें कोणीं पाहिलें कीं नाहीं कोण जाणे. त्याच दशकांत, १९५६ मध्यें, व्हिक्टर परंज्योति यांनीं मुंबईंत आपला गायकवृंद स्थापिला, आणि युरोपियन रचनांच्या जोडीला भारतीय भाषांतील गाणींहि अनेक आवाजांत गाण्याचा पायंडा त्या वृंदानें पाडला.

असा हा इतिहास आहे. त्यावरून फुशारकी मारण्याचें कारण नाहीं, आणि नुसतें रडण्याचेंहि नाहीं. कोणतें गाणें कोणाचें, हें तें कोठें जन्मलें यावरून ठरवूं गेलें तर हॅन्डेल इंग्रजांचाहि राहणार नाहीं. कारण प्रकार रोमचा आणि माणूस जर्मनीचा. ज्यांनीं तें शिकण्यासाठीं गळा झिजविला आणि आपल्या दुःखाला त्यांत वाट करून दिली, त्यांचें तें झालें. गोव्याच्या गायकांनीं हें ऋण फार पूर्वीं फेडलें आहे. त्यांच्याकडून जें हिरावून घेतलें गेलें, तें संगीत नव्हे. आपल्या भाषेंत तें गाण्याची मोकळीक. ती मोकळीक आज कोणी अडवून धरलेली नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याला मीं हें सर्व कळविलें. शेवटीं एवढेंच लिहिलें कीं, लोकांनीं विचारलें तर सांग, हें आमचेंच आहे, आणि आजीच्या ओंव्याहि आमच्याच आहेत. फक्त दोन्ही अजून एका मंडपांत बसलीं नाहींत. त्याचें उत्तर आलें तें असें: आजी आतां नाहीं, पण तिच्या ओंव्या घरांत कोणाकोणाला अर्ध्यामुर्ध्या येतात, तो त्या उतरून घेऊं लागला आहे, आणि त्यांच्याखालीं दुसऱ्या आवाजाचे स्वर मांडून पाहणार आहे.